मूल वर्गात हरवल्यासारखं बसतं, कामं संथ करतं. हे एडीएचडीच (लक्ष टिकत नाही, चंचलता असते तो विकार) असतं का?

नेहमीच नाही. एडीएचडी आणि आतल्या आत हरवून जाणं, वरून दोन्ही सारखंच दिसतं, म्हणून गोंधळ होतो.

गणित सोडवणाऱ्या मुलाकडे जरा नीट बघा. एक मूल दोन ओळी भराभर लिहितं, अधिकचं चिन्ह वजा वाचतं, तेवढ्यात पेन्सिल पडते आणि गणित तिथेच राहतं. दुसरं मूल पहिल्याच ओळीवर थबकतं. नजर शून्यात, हाक मारली की दचकतं, मग सावकाश लिहायला लागतं. पहिल्याचं लक्ष एडीएचडीत होतं तसं बाहेर पळतं, दुसऱ्याचं आत बुडतं.

या दुसऱ्या प्रकाराला संशोधक पूर्वी ‘स्लगिश कॉग्निटिव्ह टेम्पो’ म्हणत. ‘स्लगिश’ म्हणजे सुस्त. मुलाला असं लेबल लावणं मला कायम खटकायचं. आता ‘कॉग्निटिव्ह डिसएंगेजमेंट सिंड्रोम’ (मन समोरच्या कामापासून सुटून जाणं) हे नाव सुचवलं गेलंय. मानसिक विकारांच्या निदानासाठी वापरल्या जाणाऱ्या डीएसएम-५ (2013) या पुस्तकात मात्र ते स्वतंत्र निदान नाही. अनेक मुलांत हे आणि एडीएचडी एकत्र असतात, पण या लक्षणांचं चिंता आणि उदासीशी नातं जास्त, दंगा-उर्मटपणाशी कमी.

2015 च्या एका एफएमआरआय (काम करताना मेंदूचा कोणता भाग सक्रिय होतो ते दाखवणारा स्कॅन) अभ्यासात एडीएचडी असलेल्या किशोरांमध्ये ही संथपणाची लक्षणं जितकी जास्त, तितकी मेंदूच्या डाव्या सुपिरियर परायटल (माथ्याकडच्या) भागातली सक्रियता कमी दिसली. लक्ष वळवण्यात या भागाचा वाटा असतो. पण स्कॅनवरून एकट्या मुलाचं निदान होत नाही, त्यासाठी पैसे घालवू नका. घर आणि शाळा दोन्हीकडची माहिती घेऊन बालमानसोपचारतज्ज्ञांकडे जा. त्याआधी झोप, ऐकू येणं आणि क्षणभर भान जाणारी फिट तपासून घ्या.