वाचकांचे प्रश्न : कामावरचा आजार आणि भरपाईचा दावा

(२१ नोव्हेंबर २०२५ पासून सामाजिक सुरक्षा संहिता लागू झाली आहे. खालच्या चारही प्रकरणांत आजार त्याआधीच उघड झाला होता, म्हणून उत्तरे १९२३ च्या कर्मचारी भरपाई कायद्याप्रमाणे दिली आहेत.)

प्रश्न : वडील कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत १४ वर्षे फेटलिंगला (ओतीव भाग घासून साफ करायला) होते. जानेवारी २०२४ मध्ये काम सुटले. पुढे धाप लागू लागली. टीबीची औषधे झाली, गुण आला नाही. जून २०२५ मध्ये सिलिकोसिसचे (दगड-वाळूच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराचे) निदान झाले. वय ४५, शेवटचा पगार २४,००० रुपये. काम सोडल्यावर दावा चालत नाही असे सगळे सांगतात. खरे का?

उत्तर : खरे नाही. काम सोडल्यापासून दोन वर्षांच्या आत त्या कामाच्या आजाराची लक्षणे दिसली, तर लक्षणे प्रथम आढळली तो दिवस कलम १० नुसार अपघाताचा दिवस धरतात. त्या दिवसापासून पुढे दावा लावायला दोन वर्षे मिळतात. मेख इथेच आहे. तुम्ही जून २०२५ धराल, पण समोरचा वकील टीबीचा पहिला केस पेपर काढेल. तो नोव्हेंबर २०२४ चा असला तर मुदत नोव्हेंबर २०२६ लाच संपली असे तो म्हणेल. म्हणून जुन्या तारखेनेच हिशेब करा. उशीर सबळ कारणाने माफ होतो, पण त्यावर विसंबू नका.

आधी ईएसआयचे (कर्मचारी राज्य विम्याचे) बघा. ईएसआयखाली विमा असलेल्याला भरपाई आयुक्तांकडे (हे दावे ऐकणाऱ्या अधिकाऱ्याकडे) जाता येत नाही, त्याचा लाभ महामंडळाकडूनच मिळतो. २०१७ पासून ईएसआयची पगारमर्यादा २१,००० आहे, म्हणजे वडील सोडताना बाहेर होते. आधीच्या वर्षांत पगार मर्यादेत असेल तर मालक तो मुद्दा काढणारच, तेव्हा जुन्या पगारपत्रकांची जुळवाजुळव आत्ताच करा.

आता वैद्यकीय कागद. दावे सर्वाधिक इथेच पडतात. छातीच्या एक्स-रेची मूळ फिल्म हवी, मोबाइलवरचा फोटो चालत नाही. केस पेपरवर कामाचा इतिहास डॉक्टरांकडून लिहून घ्या : कोणते काम, किती वर्षे, वाळूची धूळ होती का. 'फुप्फुसाचा जुनाट विकार' एवढेच लिहिलेला कागद उपयोगाचा नाही. 'सिलिकोसिस' हा शब्द आणि एक्स-रेचे आयएलओ (आंतरराष्ट्रीय श्रम संघटना) पद्धतीचे वर्गीकरण हवे. टीबीही निघाला तर घाबरू नका. कायद्याच्या परिशिष्ट तीनमध्ये कामाच्या आजारांची यादी आहे. तिच्या भाग 'क' मध्ये सिलिकोसिसबरोबरचा टीबीही आहे, अट एवढीच की अपंगत्वाला सिलिकोसिस मुख्य कारण असावा. आणखी एक : प्रमाणपत्रात टक्केवारी 'कमाईची क्षमता किती घटली' याची असावी. फुप्फुसाची क्षमता ४० टक्के घटली म्हणजे कमाईची तेवढीच घटली असे नाही. हमाली किंवा ग्राइंडिंग करणाऱ्याची ती बरीच जास्त घटते, आणि हे डॉक्टरांना समजावून सांगावे लागते.

रक्कम अशी निघते. पगार २४,००० असला तरी हिशेबाला १५,००० धरतात (ही मर्यादा जानेवारी २०२० पासून). पूर्ण अपंगत्व असेल तर त्याचे ६० टक्के, म्हणजे ९,०००, गुणिले कायद्यातला ४५ वर्षे वयाचा गुणक १६९.४४. होतात १५,२४,९६० रुपये. कमाईची क्षमता ४० टक्के घटली असेल तर ६,०९,९८४. देय झाल्यापासून महिन्याभरात पैसे न दिल्यास १२ टक्के सरळ व्याज, शिवाय ५० टक्क्यांपर्यंत दंड होऊ शकतो. दोन्ही अर्जात स्पष्ट मागा. वैद्यकीय बिलेही जोडा. आधी मालकाला लेखी नोटीस स्पीड पोस्टाने पाठवून पोचपावती जपा. १४ वर्षांत मालक बदलले असतील तर सगळ्यांना पक्षकार करा, आयुक्त त्यांच्यात रक्कम वाटून देतात.

प्रश्न : भाऊ पुण्याजवळ दगडाच्या खाणीत ठेकेदाराकडे होता. हजेरीपटावर नाव नाही, ठेकेदार गायब आहे. आम्ही नांदेडला राहतो. दावा कुणावर आणि कुठे?

उत्तर : खाणपट्टा ज्याच्या नावावर आहे त्याच्यावर. काम ठेकेदाराकडे केले असले तरी कलम १२ खाली मूळ मालक देणे लागतो, त्याने नंतर ठेकेदाराकडून वसूल करावे. पट्टेदाराचे नाव पुणे जिल्हाधिकारी कार्यालयातल्या खनिकर्म शाखेत मिळते, १० रुपयांचा माहिती अधिकाराचा अर्ज पुरतो. दावा राहत्या ठिकाणच्या, म्हणजे नांदेडच्या आयुक्तांकडेही लावता येतो. तारखांना पुण्याच्या खेपा घालायची गरज नाही.

पुराव्याला मुकादमाने पाठवलेले यूपीआयचे पैसे, बरोबरीच्या दोघातिघांची प्रतिज्ञापत्रे, खाणीवरचे फोटो चालतात. दगडखाण ही कायद्याने 'खाण' असते. तिथे कामगाराची भरतीच्या वेळी आणि दर पाच वर्षांनी तपासणी करून 'फॉर्म ओ' हा अहवाल द्यावा लागे. तो मालकाकडे लेखी मागा. तपासणी केलीच नव्हती असे उत्तर आले तर ते लेखी उत्तरही तुमच्याच कामाचे. वकिलासाठी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करा. औद्योगिक कामगाराला तो मोफत मिळतो.

प्रश्न : पती सिलिकोसिसने गेले. वय ४०, पगार १२,०००. क्रशरवर सहाच कामगार होते, ईएसआय नव्हते. मालक दोन लाख रोख देऊन स्टॅम्प पेपरवर सही मागतो आहे.

उत्तर : सही करू नका. केलीच असली तरी हक्क सोडून देणारा करार कलम १७ ने रद्दबातल आहे. मृत्यूची भरपाई मालकाने आयुक्तांकडेच भरायची असते. हातात दिलेली रक्कम भरपाई मानली जात नाही, फक्त तीन महिन्यांच्या पगाराइतकी आगाऊ रक्कम वजा होते. तुमचा आकडा बघा : १२,००० चे ५० टक्के गुणिले १८४.१७, म्हणजे ११,०५,०२० रुपये. दोन लाखांचा मोह का दाखवला जातोय ते यातच आले. मृत्यूच्या दाखल्यावर नुसते 'श्वसनक्रिया बंद पडून' असे असेल तर रुग्णालयातून आधीचे सगळे केस पेपर आणि एक्स-रे आत्ताच मागून घ्या.

प्रश्न : जुन्या बॅटऱ्या फोडण्याचे काम आठ महिने एकाकडे, मग चार महिने दुसऱ्याकडे केले. पोटात कळा येतात, हात लुळा पडतो.

उत्तर : शिशाची विषबाधा परिशिष्ट तीनच्या भाग 'अ' मध्ये येते. तिथे त्याच मालकाकडे सलग सहा महिने नोकरीची अट नाही (ती भाग 'ब' ला आहे), तेव्हा दुसऱ्याकडचे चार महिनेही तुमच्या बाजूचे. रक्तातल्या शिशाची तपासणी याच आठवड्यात करा. काम सुटले की रक्तातले प्रमाण साधारण महिन्याभरात निम्म्यावर येते, उरलेले शिसे हाडांत बसते आणि रिपोर्ट बरा दिसू लागतो. रिपोर्टवर तारीख आणि शेवटचे काम कधी केले ते दोन्ही लिहून घ्या.