कमावणे आणि कमी करणे

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच विषयाची, स्त्रियांचा व्यायाम आणि त्याच्या जाहिराती यांविषयीची निघाली. म्हणून या वेळी मधुमेह आणि कंबरदुखीवरचे प्रश्न पुढील अंकासाठी ठेवून ही तीन एकत्र घेत आहे.

प्रश्न : मी ४४ वर्षांची असून कार्यालयात दिवसभर बैठे काम करते. मागच्या वर्षी आई न्हाणीघरात घसरून पडली, तिचे खुब्याचे हाड मोडले आणि ती अंथरुणाला खिळली. आपली हाडे आणि स्नायू आताच सांभाळायला हवेत, असे तेव्हापासून मला सारखे वाटते. घराजवळच्या जिममध्ये गेले, तर दारावर एका सडपातळ तरुणीचे चित्र आणि खाली ‘लग्नसराईआधी दहा किलो कमी’ असा मजकूर. आत गेल्यावर प्रशिक्षकाने माझे नाव विचारण्याआधी ‘मॅडम, पोट कमी करायचे की मांड्या?’ असे विचारले. मला वजने उचलायला शिकायचे आहे, असे सांगितले, तेव्हा ‘लेडीजना वजनांची गरज नसते, अंग पुरुषी होते’ म्हणून त्याने मला ट्रेडमिलवर उभे केले. आठ दिवसांत मी जाणे सोडले. घरचे म्हणतात, मी उगाच मनाला लावून घेते. माझे चुकले का?
एक वाचक, नाशिक

उत्तर : तुमचे चुकलेले नाही. उलट त्या जिममध्ये व्यायामाचे खरे कारण घेऊन आलेल्या त्या दिवशी कदाचित तुम्ही एकट्याच असाल. जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली दिलेल्या मार्गदर्शनात प्रौढांसाठी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम आणि त्याखेरीज किमान दोन दिवस स्नायूंना ताकद देणारा व्यायाम सांगितलेला आहे, आणि त्यात पुरुषांना वजने आणि स्त्रियांना ट्रेडमिल अशी वाटणी कुठेही नाही. तुमच्या वयात तर दुसरा भाग अधिक महत्त्वाचा ठरतो, कारण पाळी थांबण्याच्या सुमारास इस्ट्रोजेन हे संप्रेरक घटते आणि पुढची काही वर्षे हाडांची झीज वेगाने होते. स्नायूंनी हाडांवर दिलेला ताण हा ती झीज मंदावण्याचा एक उपाय आहे. आईचे खुब्याचे हाड मोडलेले असणे हीदेखील तुमच्यासाठी दखल घेण्याजोगी बाब आहे, तेव्हा हाडांच्या घनतेची तपासणी कधी करावी हे तुमच्या डॉक्टरांना विचारून ठेवा.

अंग पुरुषी होण्याच्या भीतीविषयी एवढेच सांगते, की प्रौढ पुरुषाच्या रक्तात टेस्टोस्टेरोन हे स्नायू वाढवणारे संप्रेरक स्त्रीच्या साधारण पंधरा पट असते. एवढे असूनही तालमीतल्या पोरांना वर्षानुवर्षे जोर-बैठका मारून, दूध-बदामाचा खुराक खाऊन मग कुठे अंग धरते. चार डंबेल उचलून महिन्याभरात कोणी पहिलवान होत असते, तर कोल्हापूरच्या तालमी केव्हाच ओस पडल्या असत्या. ‘पोट की मांड्या’ हा प्रश्नही तुमचा मान न ठेवणारा आहेच, शिवाय तो शास्त्राला धरूनही नाही. ज्या भागाचा व्यायाम करावा त्याच भागाची चरबी उतरते, असे शरीर चालत नाही. पोटाच्या व्यायामाने पोटाचे स्नायू बळकट होतात, वरची चरबी कुठून आणि किती उतरायची हे शरीर आपल्या पद्धतीने ठरवते.

आता मनाला लावून घेण्याविषयी. आपल्या भाषेकडे जरा कान देऊन पाहा. पुरुष शरीर ‘कमावतो’. ‘कमावलेले शरीर’ म्हटले, की डोळ्यांसमोर पुरुषच येतो, आणि त्या शब्दात मेहनत, मिळकत आणि अभिमान असे सगळे एकत्र येते. स्त्रीच्या बाबतीत मात्र आपल्याकडे चवळीची शेंग, शेलाटी, सुडौल, कमनीय अशी पाहणाऱ्याच्या डोळ्यांतून आलेली विशेषणे आहेत, आणि क्रियापद एकच, कमी करणे. व्यायामाच्या जाहिरातींनी ही वाटणी जशीच्या तशी उचलली आहे. एकाच फलकावर डावीकडच्या पुरुषाच्या हातात वजन असते आणि उजवीकडच्या तरुणीच्या हातात मोजपट्टी. तो काहीतरी करत असतो, ती कॅमेऱ्याकडे पाहत असते. ही मोजपट्टी प्रशिक्षकाच्या तोंडून थेट तुमच्या अंगावर आली, आणि तुम्हाला जे खटकले ते नेमके हेच होते.

बार्बरा फ्रेडरिक्सन आणि टोमी-अॅन रॉबर्ट्स या मानसशास्त्रज्ञांनी १९९७ साली मांडले, की सतत पाहिली जाणारी स्त्री हळूहळू स्वतःकडेही बाहेरून, परक्याच्या नजरेने पाहू लागते. पुढच्याच वर्षी प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या एका प्रयोगात विद्यार्थ्यांना एकट्याने, आरशासमोर, कोणाला पोहण्याचा पोशाख तर कोणाला स्वेटर घालायला लावून गणिते सोडवायला दिली होती. पोहण्याच्या पोशाखातील मुलींची गणिते स्वेटरवाल्या मुलींपेक्षा जास्त चुकली, मुलांमध्ये तसा फरक दिसला नाही. खोलीत पाहणारे दुसरे कोणीही नव्हते, ही यातली लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट. तुमच्या जिमच्या भिंतींवर आरसे होते का, हे तुम्ही लिहिलेले नाही, बहुधा असतीलच.

पुन्हा सुरुवात करायची असेल तर दुसऱ्या ठिकाणी जाऊन प्रशिक्षकाला आधीच सांगा, की मला सहा महिन्यांत अमुक किलो उचलता यावेत. हे शक्य नसेल तर घरातच खुर्चीवरून हातांचा आधार न घेता उठणे-बसणे, भिंतीला हात टेकून जोर काढणे, एक लिटरच्या भरलेल्या बाटल्या डोक्याच्या वर उचलणे, यांपासून सुरुवात करा आणि जमू लागले की वजन वाढवत न्या. वजनाच्या काट्याऐवजी काय मोजायचे ते तुमच्या आईच्या अपघाताने तुम्हाला सांगितलेच आहे : जमिनीवरून किती सहज उठता येते, एका पायावर किती वेळ तोल राहतो.

प्रश्न : कोल्हापुरात माझी लहानशी जिम आहे. दुपारी १२ ते ४ मी खास महिलांसाठी ठेवली आहे. जाहिरातीत फिट मुलीचा फोटो आणि ‘वजन घटवा’ हे शब्द टाकले नाहीत तर महिलांचे फोनच येत नाहीत. त्यांना बारीकच व्हायचे असते, मी त्यांना हवे तेच देतो. मग यात स्त्रियांचा अपमान झाला असे का म्हणायचे?
एक व्यावसायिक, कोल्हापूर

उत्तर : फोन येतात यावर माझा विश्वास आहे. माझा प्रश्न एवढाच, की जानेवारीत पैसे भरलेल्या महिलांपैकी मेमध्ये किती येतात, हे तुमच्या नोंदवहीत एकदा मोजून पाहाल का? एडवर्ड डेसी आणि रिचर्ड रायन या मानसशास्त्रज्ञांच्या प्रेरणाविषयक मांडणीवर व्यायामाच्या क्षेत्रात पुष्कळ काम झालेले आहे, आणि त्यातून वारंवार दिसते, की लाज, अपराधीपणा किंवा दुसऱ्याचा दबाव यांमुळे व्यायामाला आलेला माणूस लवकर गळतो. ज्याला त्यात मजा वाटते, काहीतरी जमल्याचे समाधान मिळते किंवा ज्याचे कारण त्याचे स्वतःचे असते, तो टिकतो. लाजेने दार उघडते हे खरे, पण ज्या आरशापुढे लाज वाटते तिथे रोज जाऊन उभे राहावे असे कोणाला वाटेल? गळालेल्या महिलेची वर्षाची फी तुमच्याकडे राहते, हा या धंद्यातला न बोलला जाणारा भाग आहे, आणि तुम्ही तसे ठरवून करता असे मी मुळीच म्हणत नाही.

‘त्यांना हवे तेच देतो’ हे म्हणणे मोठमोठ्या कंपन्यांनीही केले आहे. २०१५ साली लंडनच्या भुयारी रेल्वेत वजन कमी करण्याची पूड विकणाऱ्या एका कंपनीने पिवळ्या फलकावर बिकिनीतली तरुणी दाखवून ‘समुद्रकिनाऱ्यासाठी तुमचे शरीर तयार आहे का?’ असे विचारले होते. ब्रिटनच्या जाहिरात नियमन संस्थेकडे ३७८ तक्रारी गेल्या, सत्तर हजारांहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या, आणि तरीही संस्थेने ती जाहिरात बेजबाबदार ठरवली नाही. कंपनीने तर गदारोळात विक्री वाढल्याचेच सांगितले. तेव्हा तुमचे म्हणणे अगदीच खोटे आहे असे मला म्हणता येत नाही. लंडनच्या महापौरांनी पुढच्या वर्षी अशा जाहिरातींना शहराच्या वाहतूक व्यवस्थेत बंदी घातली, ती वेगळी गोष्ट. दुसरे उदाहरण रिबॉकचे. ‘इझीटोन’ नावाचे बूट घालून नुसते चालले तरी नितंबांचे स्नायू साध्या बुटांपेक्षा २८ टक्के अधिक घडतात, असा दावा कंपनीने स्त्रियांना डोळ्यांसमोर ठेवून केला होता. तो सिद्ध करता न आल्याने अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनबरोबरच्या २०११ मधील समझोत्यात कंपनीला ग्राहकांच्या परताव्यासाठी अडीच कोटी डॉलर द्यावे लागले. शरीराच्या एका भागाची लाज वाटायला लावली, की त्या भागासाठी काहीही विकता येते, अगदी बूटसुद्धा.

याच्या उलट काय करता येते, तेही त्याच २०१५ साली दिसले. खेळात नियमित भाग घेणाऱ्या १४ ते ४० वयोगटातील स्त्रिया पुरुषांपेक्षा वीस लाखांनी कमी का, याचा शोध घेताना ‘स्पोर्ट इंग्लंड’ या सरकारी संस्थेला आढळले, की बहुसंख्य स्त्रियांना व्यायाम करायचा असतो, पण लोक काय म्हणतील ही भीती त्यांना अडवते : आपण कशा दिसू, आपल्याला जमेल का, आणि घर सोडून इथे काय करते असे कोणी म्हणेल का. त्यांनी मग मॉडेल न घेता घामेजलेल्या, धापा टाकणाऱ्या, सर्व आकारांच्या साध्या बायका पळताना, पोहताना, नाचताना दाखवल्या. वर्षभरानंतर या मोहिमेमुळे सोळा लाख स्त्रियांनी व्यायाम सुरू केल्याचे संस्थेच्या पाहणीत दिसले.

यातली तिसरी भीती आपल्याकडे सर्वांत जड आहे, असे मला वाटते. २०२२ मध्ये भारतात पुरेशी शारीरिक हालचाल न करणाऱ्या प्रौढ स्त्रियांचे प्रमाण सुमारे ५७ टक्के आणि पुरुषांचे ४२ टक्के होते, असा अंदाज ‘लॅन्सेट ग्लोबल हेल्थ’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे. या स्त्रिया आळशी आहेत असे मानायला मी तयार नाही. तुमची दुपारी १२ ते ४ ही वेळच पाहा. नोकरी करणारी स्त्री तेव्हा कामावर असते, आणि घरी असलेली सगळ्यांना वाढून शेवटी स्वतः जेवायला बसलेली असते. सकाळी सहा आणि संध्याकाळी सात या सोयीच्या वेळा पुरुषांकडे आणि पुरुष नसतात ती वेळ बायकांकडे, अशी ही वाटणी आहे. पूर्वी बायका मंगळागौरीत फुगडी, झिम्मा, पिंगा घालून रात्रभर घाम गाळत, त्यांना कुठे जिम लागत होती, असे मला पुष्कळदा ऐकवले जाते. त्या खेळांत दम आणि मजा दोन्ही होते, हे खरेच आहे. पण ती मोकळीक नव्या लग्न झालेल्या मुलीच्या निमित्ताने, तीही श्रावणातल्या मंगळवारी मिळे, हे सांगायचे मात्र राहून जाते.

तुम्ही कोल्हापूरचे, म्हणून एक आठवण करून देते. पुरुषांची महाराष्ट्र केसरी स्पर्धा १९६१ पासून होते. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ साली, तुमच्या शेजारच्या सांगलीत झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने जिंकली. बासष्ट वर्षांचा फरक आहे. तुमच्या फलकावर अशा एखाद्या मुलीचे, तिच्या परवानगीने, कुस्ती करतानाचे छायाचित्र लावून पाहा. महिलांसाठी सकाळची एक तुकडी, कडी लागणारी कपडे बदलण्याची खोली, स्वच्छ स्वच्छतागृह आणि शक्य झाल्यास एक प्रशिक्षिका, एवढे केलेत तर त्याचीही जाहिरात करता येईल. आपल्या देशातील जाहिरात मानक परिषदेने २०२२ मध्ये ठरवलेल्या मार्गदर्शक तत्त्वांतही म्हटले आहे, की आकर्षक माणसे जाहिरातीत जरूर दाखवा, पण ठरावीक बांध्याचे शरीर असल्याशिवाय सुख नाही असे सुचवू नका. परिषद स्वयंनियमनाची आहे, दंड करत नाही. फसव्या दाव्यांना मात्र २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली दहा लाखांपर्यंत दंड होऊ शकतो, तेव्हा ‘एका महिन्यात दहा किलो’ असे कुठे लिहिले असेल तर ते आजच पुसा. (याच मासिकाच्या पानांवर अशा दोन जाहिराती मी पाहिल्या आहेत. संपादकांना तसे कळवले आहे.)

प्रश्न : मी २२ वर्षांची आहे. सुंदर दिसावे म्हणून मी रोज दोन तास व्यायाम करते, जेवण मोजून घेते. मैत्रिणी मला जाहिरातींची गुलाम म्हणतात. छान दिसायची इच्छा असणे चूक आहे का? शिवाय तीन महिने पाळी आलेली नाही, ते व्यायामामुळे असेल का?
एक वाचक, पुणे

उत्तर : चांगले दिसावेसे वाटणे यात काहीच चूक नाही, आणि मैत्रिणींनी त्यासाठी तुला लाजवणे म्हणजे जाहिरातीचेच काम दुसऱ्या बाजूने करणे आहे. पण तू जी गोष्ट पत्राच्या शेवटी ‘शिवाय’ म्हणून लिहिलीस, ती मला सर्वांत आधी दिसली. श्रमाच्या मानाने अन्न कमी पडू लागले, की शरीर काटकसर सुरू करते आणि पाळी थांबणे हे तिचे एक लक्षण असते; हाडांवरही त्याचा परिणाम होतो, तोही हाडे भरण्याच्या वयात. खेळाडूंमधल्या या अवस्थेची दखल आंतरराष्ट्रीय ऑलिम्पिक समितीने २०१४ सालापासून घेतलेली आहे. पाळी थांबण्याची कारणे इतरही असू शकतात, गर्भधारणा, थायरॉईड, पीसीओएस हा अंडाशयाशी संबंधित विकार, म्हणून अंदाज न करता याच आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांना भेट. जाताना गेल्या सात दिवसांत काय खाल्ले आणि किती व्यायाम केला ते कागदावर लिहून ने, आणि तपासणी होईपर्यंत व्यायाम निम्म्यावर आण, जेवण मोजणे थांबव.