चौतिसाव्या वर्षी टाचेमागची शीर तुटली, आता स्टीपलचेसला परत जाता येईल का?

तुम्ही लिहिलंय की वय 34, बारा वर्षं 3000 मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचे खड्डे ओलांडत धावायची शर्यत, धावताय, मागच्या महिन्यात वॉटर जंपवर, म्हणजे पाण्याच्या खड्ड्यावरच्या उडीत, डाव्या पायाची अकिलीस, म्हणजे पोटरी टाचेला जोडणारी शीर, पूर्ण तुटली. ऑपरेशन झालं, पायाला आधाराचा बूट चढवून घरात बसून आहात. डॉक्टर म्हणतात "बघू", कोच म्हणतात "येशीलच तू", आणि सासूबाई म्हणतात "बरं झालं, सुटलीस एकदाची". परत यावं की थांबावं?

मी ग्वाल्हेरची. 2015 च्या नोव्हेंबरात, वयाच्या तेहतिसाव्या वर्षी, माझीही हीच शीर तुटली, तीही पाण्यातच. डॉक्टर नाही मी. भोगलंय तेवढं सांगते.

माझी उजव्या पायाची. पाचवी वॉटर जंप. उतरले आणि कुणीतरी मागून पोटरीवर सणसणीत लाथ घातली. पाण्यात उभी राहून मी शिवी द्यायला मागे वळले, तर मागे कुणीच नाही. जी होती ती दहा मीटर पुढे निघून गेली होती. तिथल्या दवाखान्यात "मुरगळलाय, आठ दिवस शेका" म्हणून क्रेप बँडेज बांधून दिलं, आणि मी ते पंधरा दिवस बांधून लंगडत फिरले. शेवटी इथे माझ्याबरोबर शिकलेल्या एका फिजिओने पालथं झोपवून दोन्ही पोटऱ्या दाबून पाहिल्या. डाव्या पायाचं पाऊल हललं, उजव्याचं ढिम्म, म्हणजे शीर तुटलेली. तिने एवढंच विचारलं, "कुणी दाबून पाहिलंच नाही?" तुमचं निदान वेळेवर झालं, हे लहानसहान नशीब समजू नका.

माझी आजी त्या शिरेला घोडशीर म्हणायची. मी शिकले ती लक्ष्मीबाई शारीरिक शिक्षण संस्था रेसकोर्स रोडवर, ही शर्यत मुळात घोड्यांची, आणि तुटली काय तर घोडशीर! दौलतगंजातल्या आमच्या वाड्यात सगळ्यांना याची भारी गंमत वाटली. मला वाटायला दोन वर्षं लागली.

आता तुमच्या प्रश्नाकडे. तुम्ही दोन प्रश्न एकाच गाठीत बांधलेत. धावता येईल का, हा एक. वॉटर जंप मारता येईल का, हा दुसरा. पहिल्याचं उत्तर बहुतेक वेळा हो असतं. दुसऱ्याचं आज कुणीच देऊ शकत नाही, तुमचे कोचसुद्धा नाहीत.

या शर्यतीत 28 कोरडे अडथळे आणि 7 पाण्याचे, म्हणजे 35 उड्या. हे तुम्हाला मी काय सांगायचं. पण कधी शांतपणे बघा, पाण्याच्या उडीत दोन पायांची कामं किती वेगळी आहेत. एक पाय 76.2 सेंटीमीटरच्या फळीवर टेकून शरीर पुढे ढकलतो. दुसरा खाली येतो, चढत्या ओल्या तळावर, टाच खाली दबत असताना सगळा भार झेलत, आणि त्याच क्षणी पुढचं पाऊल टाकायला उसळतो. तुमचा डावा यातला कोणता? उतरणारा असेल तर पाय बदलून उतरायला शिकता येतं. मी शिकले. तीस वर्षं उजव्या हाताने जेवून एक दिवस डाव्याने वरणभात कालवायला घ्यावा, तसं ते होतं. सहा महिने गेले, पण जमलं. फळीवर टेकणारा पाय असेल तर त्यालाही ढकलायला पोटरीच लागते, मात्र वरून आदळण्याचा हिसका त्याला नसतो.

आता बरं व्हायचे हे नऊ-दहा महिने. घरचे, शेजारचे, कुणी मालिशवाले "शीर आखडलीय, जरा ताणून देतो" म्हणतील, त्यांना पायाला हात लावू देऊ नका. सुरुवातीच्या महिन्यांत ताणलेली शीर लांबून जुळते, आणि मग जन्मभर टाच पूर्ण उचलत नाही. माझी थोडी लांबलीच, कारण ते पंधरा दिवस मी तिच्यावर चालले होते. बुटात असताना पोटरी सुजून दुखायला लागली किंवा दम लागला तर रात्र असो की पहाट, डॉक्टर गाठा. पायात रक्ताची गुठळी होऊ शकते. आणि दुखापतीच्या आधी सिप्रोफ्लॉक्सासिनसारखं अँटिबायोटिक घेतलं होतं का ते आठवा आणि सर्जनना सांगा. त्या जातीच्या गोळ्यांनी ही शीर कमजोर होऊ शकते, हे मला फार उशिरा कळलं. पुढे कुणी "एक स्टेरॉइडचं इंजेक्शन, मग स्पर्धेला मोकळी" म्हणालं तर नाही म्हणा. शिरेला वाईट ते वाईटच, शिवाय 2022 पासून स्पर्धेच्या काळात ती इंजेक्शनं प्रतिबंधित आहेत.

माझा बूट सुटला तो आमचा ग्वाल्हेरचा मेळा उठता उठता. पहिल्यांदा साध्या चपला घालून मेळ्यात गेले, गजकाच्या दुकानापासून झोपाळ्यांपर्यंत, आणि परत येताना रडले. दुखत होतं म्हणून नाही. एक चार वर्षांचा मुलगा मला मागे टाकून गेला म्हणून.

त्यानंतरचं वर्ष म्हणजे टाचा. वाड्याच्या जिन्याची तिसरी पायरी, हात कठड्यावर, एका पायावर टाच वर, टाच खाली. डाव्यावर 30 व्हायच्या. उजव्यावर एप्रिलपर्यंत एकही नाही. नुसता हुकूम द्यायचा आणि पाय ऐकायचा नाही. मे महिन्यात एक झाली, तीही निम्मी. आईने खालून चहा गाळता गाळता पाहिलं आणि दुधवाल्याला सांगून टाकलं. मी रोजचा आकडा वहीत लिहायचे. तुम्हीही लिहा, कारण त्या दिवसांत मन रोज वेगळं सांगतं आणि वही खोटं बोलत नाही.

15 ऑगस्ट 2016 ला साताऱ्याच्या ललिता बाबर रिओ ऑलिम्पिकमध्ये स्टीपलचेसची फायनल धावल्या. संध्याकाळी आमच्याकडे टीव्हीसमोर वीस माणसं. सगळे त्यांचा नंबर बघत होते, मी फक्त पाय बघत होते. प्रत्येक वॉटर जंपला माझी उजवी पोटरी आपोआप आवळायची. त्या दहाव्या आल्या, लोकांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी ठरवलं की परत उतरायचं.

उतरले. 2017 च्या मे महिन्यात, एक शर्यत. पूर्ण केली, माझ्या जुन्या वेळेपेक्षा चाळीस सेकंद जास्त. शीर एकदाही दुखली नाही. पण प्रत्येक पाण्याआधी मी शेवटची दोन पावलं आखूड टाकत होते. हे व्हिडिओत दिसलं. धावताना मला कळलंसुद्धा नव्हतं. जिथे वेग वाढवायचा तिथे माझे पाय मला न विचारता ब्रेक लावत होते, आणि वेग नसताना फळीवर चढलं की फळीच्या जवळच, पाणी खोल असतं तिथे पडायला होतं. म्हणजे दुखापत टाळायला जे पाय करत होते, त्यानेच ती होणार. तो व्हिडिओ मी सात-आठदा पाहिला आणि स्टीपलचेस सोडली. धावणं सोडलं नाही. पुढे पाच वर्षं 5000 आणि रस्त्यावरच्या दहा किलोमीटरच्या शर्यती धावले, आणि खरं सांगू, त्यातली दोन वर्षं फार मजेत गेली.

माझं झालं ते तुमचं होईलच असं नाही. ऑस्ट्रेलियाच्या जेनेव्हिव्ह ग्रेगसनची हीच शीर तोक्यो ऑलिम्पिकच्या फायनलमध्ये तुटली, 4 ऑगस्ट 2021 ला, नेमकी तिच्या बत्तिसाव्या वाढदिवशी. मधे बाळ झालं, आणि 2024 ला ती पॅरिसला गेली, पण मॅरेथॉन धावायला. 2017 ची जगज्जेती एमा कोबर्न, तिचा घोटा 2024 मध्ये वॉटर जंपवर मोडला आणि ऑलिम्पिक हुकलं. आपल्या बीडचा अविनाश साबळे 2025 च्या जुलैत मोनॅकोला पाण्यावरच पडला आणि गुडघ्याचं लिगामेंट गेलं. पाण्याचा तो खड्डा वय बघत नाही आणि मेडलही बघत नाही.

नोकरी खेळाच्या कोट्यातली असेल तर एक काम आजच करा. ऑपरेशनची तारीख, शिरेचं नाव आणि अंदाजे किती महिने, हे सर्जनकडून लेटरहेडवर लिहून घ्या आणि ऑफिसात पोच घेऊन द्या. माझ्या वरिष्ठांनी तोंडी "आराम करा" म्हटलं आणि सहा महिन्यांनी गैरहजेरीचा खुलासा मागितला. तेव्हा माझ्याकडे कागद नव्हता.

सासूबाईंना सध्या काही उत्तर देऊ नका. निर्णय व्हायचाय असंच म्हणा, तो झालेला नाहीच. 35 नंतर मास्टर्समध्ये, म्हणजे वयाने मोठ्या खेळाडूंच्या स्पर्धांत, बायकांची स्टीपलचेस 2000 मीटरची असते, पाण्याच्या उड्या 5, तेव्हा एवढ्यात दार काही बंद होत नाही. आधी त्या पायावर टाचा मोजा. वीस सलग झाल्या की मला लिहा, मग पाण्याचं बोलू.