सहीची घाई तुम्हाला आहे, तिला नाही

प्रश्न : माझी मुलगी बारावी सायन्सला आहे. अकरावीला ७१ टक्के. नऊ वर्षं सतार शिकते. गेल्या दीड वर्षात तिने लॅपटॉपवर सतार आणि बाकीची वाद्यं मिसळून दोन-दोन मिनिटांचे ३५ ट्रॅक केलेत. एक म्युझिक लायब्ररी (जाहिराती, व्हिडिओंना तयार संगीत पुरवणारी कंपनी) प्रत्येक ट्रॅकला २,५०० रुपये एकरकमी द्यायला तयार आहे, म्हणजे ८७,५०० रुपये. त्यातून सीईटीच्या क्लासची फी निघेल. ती मार्चमध्ये १८ वर्षांची होईल, म्हणून सही पालक या नात्याने मी करायची आहे. मी ईमेलवर होकार कळवला, १२ फायलींची लिंकही पाठवली. आता ती अडून बसली आहे. म्हणते, माझी धून गुटख्याच्या जाहिरातीत किंवा प्रचाराच्या गाडीवर वाजलेली मला चालणार नाही. परदेशी साइटवर नॉन-एक्सक्लुझिव्ह टाकेन, तिथे ताबा माझ्याकडे राहतो. महिनाभर धड बोलत नाही. लॅपटॉप सध्या मी कपाटात ठेवला आहे. कराराची प्रत जोडली आहे. तिला दोन शब्द समजावून सांगावेत. आणि इंजिनिअरिंग की साउंडचा कोर्स, तेही सांगावं.
– एक पालक, मिरज

उत्तर : ७१ टक्क्यांची काळजी सोडा. मला काळजी वाटली ती 'मी ईमेलवर होकार कळवला' या वाक्याची. कोणाच्या मालकीच्या वस्तूला होकार दिलात? संगीत रचलं गेलं त्या क्षणी त्याचा कॉपीराइट तुमच्या मुलीचा झाला. तिचं वय, लॅपटॉप कोणाच्या पैशाचा, सतारीची फी कोणी भरली, यातल्या कशानेही तो तुमच्याकडे येत नाही. त्यासाठी नोंदणीही लागत नाही. आणि त्या पैशातून तुम्ही फी भरणार आहात अशा क्लासची, ज्याबद्दल तिला काय वाटतं हे पत्रात कुठेच नाही. दोन शब्द समजावायचेच असतील तर ते आधी तुम्हाला.

तिच्या म्हणण्याला तुम्ही 'अडून बसणं' म्हणता. गुटखा आणि प्रचाराची गाडी ही तिची दोन उदाहरणं म्हणजे या धंद्यातला नेमका कळीचा प्रश्न आहे. सतरा वर्षांच्या मुलीने तो करार वाचण्याआधी ओळखला. तुम्ही करार वाचून ओळखला नाहीत.

तुम्ही जोडलेल्या प्रतीत तीन वाक्यं आहेत, ती नीट बघू. पहिलं : 'सर्व हक्क, सर्व माध्यमांत, संपूर्ण विश्वात, कायमस्वरूपी.' हा परवाना नाही, हस्तांतरण आहे. शेत खंडाने देणं वेगळं आणि सातबाऱ्यावर दुसऱ्याचं नाव चढवणं वेगळं, हे सांगली जिल्ह्यात राहून मी तुम्हाला सांगायला नको. 'कायमस्वरूपी' हा शब्द तिथे मुद्दाम आहे. कॉपीराइट कायद्याच्या कलम १९ प्रमाणे हस्तांतरणात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. जागा कोरी राहिली तर कायदा रचनाकाराकडे झुकतो, म्हणून समोरचा ती कधी कोरी ठेवत नाही. हक्क घेऊन वर्षभर वापरलेच नाहीत तर ते संपतात, अशीही तरतूद आहे. पण करारात वेगळं लिहून ती टाळता येते, आणि तुमच्या प्रतीत ती टाळली आहे.

दुसरं वाक्य : 'रचनाकाराला यापुढे कोणतीही रॉयल्टी देय राहणार नाही.' २०१२ च्या दुरुस्तीनंतर हे असं लिहून घेता येत नाही. रेकॉर्डिंगमधल्या संगीतरचनेच्या वापरातून येणाऱ्या रॉयल्टीतला समान वाटा संगीतकाराला सोडून देता येत नाही. वारस आणि कॉपीराइट सोसायटी (रचनाकारांच्या वतीने रॉयल्टी गोळा करणारी संस्था) एवढेच अपवाद. तरी हे वाक्य करारांत सर्रास दिसतं, कारण सही करणारा बहुधा ते वाचून गप्प बसतो. तिसरं : 'नाव देणं बंधनकारक नाही.' कलम ५७ प्रमाणे रचना आपली असल्याचं सांगण्याचा आणि प्रतिष्ठेला बाधा येईल अशा मोडतोडीला हरकत घेण्याचा हक्क हस्तांतरणानंतरही रचनाकाराकडे राहतो. मात्र तो बजावायचा तर कोर्टात जावं लागतं. २,५०० रुपयांच्या ट्रॅकसाठी कोण जातं?

सहीचं म्हणाल तर, भारतीय करार कायदा, १८७२ प्रमाणे अज्ञान, म्हणजे १८ वर्षांखालील, व्यक्ती करार करू शकत नाही. असा करार मुळातच रद्दबातल, हे प्रिव्ही कौन्सिलने, म्हणजे ब्रिटिश काळातल्या सर्वोच्च न्यायपीठाने, १९०३ मध्ये सांगून ठेवलंय. पालकाची सही कायमच्या हस्तांतरणाला पुरते का, यावर उद्या दोन वकील दोन बाजूंनी बोलतील. मार्चपर्यंत थांबण्यात तुमचं काहीही जात नाही. 'ऑफर आठवडाभरच आहे' असं कोणी म्हणत असेल तर थांबायला तेवढं एक कारण पुरेसं आहे.

आता तुमची मुलगी. तिची भीती खरी आहे, पण तिने काढलेला तोडगा चुकीचा आहे. नॉन-एक्सक्लुझिव्ह म्हणजे ताबा आपला, हा समज नव्या संगीतकारांत फार पसरलाय. नॉन-एक्सक्लुझिव्हचा अर्थ एवढाच, की तोच ट्रॅक ती दुसरीकडेही देऊ शकते. कोण वापरतो आणि कशासाठी, याच्याशी त्या शब्दाचा संबंध नाही. लायब्ररीच्या व्यवहारात दोन वेगळे कागद असतात. एक, तिचा लायब्ररीशी झालेला करार. दुसरा, लायब्ररीने गिऱ्हाइकाला दिलेला परवाना. ताबा ठरतो तो दुसऱ्या कागदावर, आणि संगीतकार तो सहसा उघडूनही बघत नाहीत. स्वस्तातल्या साइटवर शे-दोनशे रुपयांत विकलेला परवाना बहुतेक वेळा कायमचा असतो. उद्या तिने ट्रॅक काढून घेतला तरी फक्त नवी विक्री थांबते. आधी विकलेले परवाने चालूच राहतात. त्यातला एखादा गुटखावाल्याच्या 'वेलची'च्या जाहिरातीसाठी घेतला असेल तर तिला कळणारही नाही. उलट एखादी लहान, निवडक ट्रॅक घेणारी लायब्ररी तीन वर्षांसाठी एक्सक्लुझिव्ह मागते, कॉपीराइट तुमच्या मुलीकडेच राहू देते आणि ठरावीक वापरांसाठी आधी विचारते. एक्सक्लुझिव्ह असूनही तिथे ताबा जास्त. तेव्हा शब्दावर जाऊ नका, गिऱ्हाइकाचा परवाना उतरवून घ्या आणि त्यातली 'निषिद्ध वापर' ही यादी वाचा. तिथे राजकीय प्रचार, तंबाखू आणि त्याच्या आडून होणाऱ्या जाहिराती, दारू, ऑनलाइन सट्टा, प्रौढ मजकूर यांची नावं हवीत. एआयला शिकवण्यासाठी वापर करण्याचाही उल्लेख हवा. तो नसेल तर विचारावं, आणि उत्तर लेखी घ्यावं.

पूर्वपरवानगीचं कलम मिळालं तर त्यातलं एक वाक्य तपासायचं. '४८ तासांत उत्तर न आल्यास संमती समजली जाईल' असं असेल तर तिच्या परीक्षेच्या आठवड्यात सगळ्याला संमती मिळून जाईल. ते 'नकार समजला जाईल' असं करून घ्यायचं. मासिक वर्गणीवर हजारो ट्रॅक देणाऱ्या साइटवर असं कलम मिळत नाही. त्यांचा धंदाच न विचारता वापरू देण्यावर उभा आहे. यात फसवणूक काही नाही, फक्त आपला कुठला ट्रॅक तिथे द्यायचा हे आपण ठरवायचं.

बाकी कलमं भराभर. मुदत दोन-तीन वर्षं. आपोआप नूतनीकरण असेल तर किती दिवस आधी नोटीस द्यायची ते कॅलेंडरवर लिहून ठेवावं, कारण ९० दिवसांची नोटीस मुदत संपायला ८९ दिवस उरले असताना दिली की आणखी एक मुदत गळ्यात पडते. लायब्ररीला पोट-परवाना (आपल्या वतीने दुसऱ्याला परवाने विकू देणं) देता येतो का, आणि दुसऱ्या देशातल्या एजंटने आपला वाटा कापल्यावर तिची टक्केवारी कशावर मोजणार, हे विचारावं. हिशेब सहा महिन्यांनी तरी मिळावा. ट्रॅकचं नाव बदलून नव्या नावाने नोंदवण्याला स्पष्ट मनाई असावी. तोच ट्रॅक दोन लायब्ऱ्यांकडे दोन नावांनी असला की आवाजावरून ओळख पटवणाऱ्या यंत्रणेला दोन्ही सारखेच दिसतात, आणि टीव्हीवरच्या वापराचे पैसे भलत्याच्या खात्यात जातात. अमेरिकन साइट असेल तर डब्ल्यू-८बीईएन हा फॉर्म पॅन क्रमांकासह भरावा, नाहीतर रॉयल्टीतून १५ ऐवजी ३० टक्के कर कापला जातो.

आणि यूट्यूबचं कंटेंट आयडी, म्हणजे कोणाच्या व्हिडिओत आपला ट्रॅक आहे ते ओळखून दावा लावणारी यंत्रणा. गाणी स्पॉटिफायसारख्या ठिकाणी पोचवणाऱ्या सेवांमध्ये या नावाची एक खूण करायची चौकट असते. मुलं 'चोरी थांबेल' म्हणून ती टिचकवतात. मग ज्याने रीतसर पैसे भरून परवाना घेतलाय, त्याच्याच व्हिडिओवर दावा लागतो, तो लायब्ररीकडे तक्रार करतो आणि लायब्ररी ट्रॅक काढून टाकते. नॉन-एक्सक्लुझिव्ह दिलेला ट्रॅक कंटेंट आयडीत घालायचा नाही. रेडीमेड लूप (पुन्हापुन्हा वाजणारा तयार तुकडा) वापरून केलेला तर मुळीच नाही, कारण तोच लूप आणखी शेकडो जणांकडे आहे.

यावरून ३५ ट्रॅककडे येतो. हे काम तिचं, तुम्ही मदत करा. सगळ्यांच्या तीन थप्प्या करायच्या. पहिली, ज्यात प्रत्येक सूर तिचा आहे. दुसरी, ज्यात कोणी मित्राने तबला वाजवलाय किंवा विकतच्या सॅम्पल पॅकमधलं (तयार आवाजांच्या संचातलं) काही आहे. वादकाला स्वतःचे हक्क असतात, ते ५० वर्षं टिकतात. त्याने कोणत्या ट्रॅकवर वाजवलं, किती पैसे घेतले आणि लायब्ररीला द्यायला त्याची हरकत नाही, एवढं एका पानावर सहीने हवं. मैत्री आहे तोवर घ्यावं. सॅम्पल पॅकचा परवाना वाचावा. गाण्यात वापर चालतो पण लायब्ररीला देऊ नये, अशी अट कधी कधी असते. तिसरी थप्पी नाजूक. ज्यांत क्लासमध्ये शिकलेली गत (सतारीवरची तालात बांधलेली रचना) आहे, ते ट्रॅक यात. परंपरागत मसीतखानी, रजाखानी गतींवर कोणाची मालकी नाही, राग तर कोणाचाच नसतो. पण गत गुरुजींनी स्वतः बांधलेली असेल तर ती त्यांची रचना आहे, स्वरलिपीत लिहिलेली नसली तरी. अभंगाचंही तसंच : शब्द तुकोबांचे म्हणून मोकळे, चाल मात्र ज्याने लावली त्याची. तिसऱ्या थप्पीला गुरुजींशी बोलल्याशिवाय हात लावू नये.

फायली विकाऊ व्हायला काय लागतं, हेही तिला सांगा. ४८ किलोहर्ट्झ, २४ बिटची वेव्ह फाइल; सोबत ६०, ३० आणि १५ सेकंदांची आवृत्ती. शेवट आवाज हळूहळू कमी करून नको. तार वाजून विरेल असा हवा, म्हणजे एडिटरला दृश्य संपतं तिथे तो बसवता येतो. वाद्यं सुटी द्यायची : सतार, तानपुरा, ठेका, बाकीचं. सतारवाले बहुतेक सगळे इथे अडतात. तानपुरा त्याच खोलीत वाजत असतो आणि सतारीच्या माइकमध्ये शिरतो. एडिटरने मधला तुकडा कापला की तानपुऱ्याच्या तारांचं आवर्तन तुटतं आणि सांधा कानाला लागतो. वाजवताना तानपुरा हेडफोनवर ऐकायचा, त्याचं रेकॉर्डिंग वेगळं करायचं. (तंतुवाद्यं घडवणाऱ्या मिरजेत राहून तानपुरा ॲपचा वापरत असेल, तर एवढं एक मात्र तिला रागवा.) माहितीच्या रकान्यात राग यमन, पट्टी काळी एक, हे जरूर लिहावं, पण एडिटर यमन शोधत नाही. तो 'शांत, सकाळ, प्रवास, घरगुती' असं शोधतो. तेही लिहिलं नाही तर ट्रॅक कोणाला सापडतच नाही.

इंजिनिअरिंग की साउंड : सीईटी द्यावी, दिल्याने काही बिघडत नाही, पुण्याच्या एफटीआयआय या चित्रपट संस्थेचा ध्वनीचा मुख्य अभ्यासक्रम पदवीनंतरचा आहे, त्यामुळे आज ठरवलंच पाहिजे असं काही नाही. सतारीची विशारद परीक्षा मात्र मध्येच सोडू देऊ नका. लायब्ररीच्या पैशावर घर चालेल असं तिलाही वाटू देऊ नका. पहिली दोन-तीन वर्षं ही कमाई तुटपुंजी आणि अनियमित असते; थोडी वाढली तर ती ट्रॅकची संख्या आणि संगीतकाराचा धीर यांवर. सीईटीच्या क्लासची फी हा तुमचा खर्च आहे. क्लासवाल्यांना हप्ते मागा.

आज संध्याकाळी करायची कामं. त्या १२ फायलींची लिंक बंद करा. नंतर कंपनीला एक मेल : 'या रचनांचे हक्क माझ्या मुलीचे आहेत, ती अज्ञान आहे. माझ्या आधीच्या मेलमधला होकार मी मागे घेत आहे. पाठवलेल्या फायली वापरू नयेत, पुसून टाकाव्यात आणि तसं लेखी कळवावं.' एवढंच, माफी नको, कारणं नकोत. फार बिघडलेलं नाही. कॉपीराइटच्या हस्तांतरणाला हक्कधारकाची किंवा त्याने अधिकार दिलेल्या माणसाची सही लागते, आणि तिने तुम्हाला तसा अधिकार कधी दिलेला नाही. लॅपटॉप कपाटातून काढून तिच्या हातात द्या. त्यातल्या मूळ प्रोजेक्ट फायली आणि त्यांच्या तारखा हा रचना तिची असल्याचा सगळ्यात भक्कम पुरावा आहे. त्यांची एक प्रत हार्ड डिस्कवर आणि एक घराबाहेर, नातेवाइकाकडे किंवा क्लाउडवर असू द्या.

परीक्षा संपली, १८ पूर्ण झाली, की पहिल्या थप्पीतले पाच ट्रॅक तिने निवडावेत, सगळे ३५ नकोत. वर्षभर त्यांचं काय होतं ते बघावं. कोणते द्यायचे आणि कोणते स्वतःकडे ठेवायचे, हे तिला विचारू द्या. उत्तर तुम्ही देऊ नका.