अंगणातला कोबा आणि फरशी: डागडुजी कुठवर पुरते आणि उखडायची वेळ कधी येते?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: घर 1998 चं, कसबा बावड्याकडं, पूर्वीच्या उसाच्या रानात पडलेल्या प्लॉटवर. फाटकापासून पोर्चपर्यंत सिमेंटचा कोबा, मागच्या अंगणात शहाबादी. कोब्याला तडे गेलेत, पावसाळ्यात फाटकाजवळ पाणी साचतं. गवंडी म्हणतो सगळं उखडून पेव्हर ब्लॉक घाला. वडील म्हणतात तडे भरून घ्या, अजून दहा वर्षं निघतील. खरं कोणाचं?

मी कोल्हापुरात घरांच्या कामांवर सुपरवायझर म्हणून बावीस वर्षं काढलीत. दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे, पण दोघंही वरच्या थराकडं बघतायत. बघायचं असतं ते खाली. वरचा थर झिजला असेल तर डागडुजी पुरते. खालची जमीन हलत असेल तर वर काहीही करा, दोन पावसाळ्यांत पुन्हा तेच. किती वर्षं झाली यावरनं काही कळत नाही. पाचगावकडं मुरमावर टाकलेला तीस वर्षांचा कोबा मी शाबूत बघितलाय आणि नदीकडच्या काळ्या रानात चौथ्या वर्षी फुटलेलाही बघितलाय.

आधी तडे बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे बारीक, केसाएवढे तडे असतील तर ते बहुतेक टाकतानाच उन्हानं वरचा थर लवकर सुकल्यामुळं आलेले असतात. दिसायला वाईट, बाकी निरुपद्रवी. त्यांच्यासाठी एक रुपया घालू नका. काळजीचा तडा वेगळा. तो सरळ किंवा वाकडा पण लांब जातो, त्यात पन्नास पैशाचं नाणं उभं शिरतं, आणि मुख्य म्हणजे त्याच्या दोन्ही कडा एका पातळीत नसतात. अनवाणी पाय तड्यावरनं आडवा फिरवा. तळव्याला पायरी लागली, की एक बाजू खचलीय किंवा दुसरी उचललीय हे नक्की. अशा तड्यात सिमेंट भरणं म्हणजे नुसतं झाकणं.

पायरी लागत नसेल, पण तडा वाढतोय असा संशय असेल, तर एक साधा उपाय सांगतो. तड्याच्या दोन्ही टोकांना ऑइलपेंटनं बारीक रेघ मारा आणि शेजारी महिना-वर्ष लिहा. जिथं तडा सर्वांत रुंद आहे तिथं आरपार थोडं प्लास्टर ऑफ पॅरिस लावा. पावसानं ते विरघळतं, म्हणून पावसाळ्यात त्याच्या जागी काचेची पट्टी सिमेंटनं चिकटवा. मग पावसाळ्यात एकदा आणि मे महिन्यात एकदा बघा. तुमच्याकडं काळी माती आहे, त्यामुळं हे दोन्ही ऋतू बघणं गरजेचं. काळी माती पाणी प्याली की फुगते, उन्हाळ्यात आकसते. शेतात मे महिन्यात हात जाईल एवढ्या भेगा पडतात, त्याच भेगा तुमच्या कोब्याखालीही पडतायत. जूनमध्ये कडा वर येते, एप्रिल-मेमध्ये खाली बसते. पट्टी तडकली, रेघेच्या पुढं तडा गेला, तर जमीन अजून जिवंत आहे. वर्षभर काही हललं नाही, तर तो तडा जुना आहे आणि वडिलांचं म्हणणं चालेल: तडा व्ही आकारात खरवडून, धूळ काढून, चांगल्या पॉलिमर मॉर्टरनं भरा. नुसतं सिमेंटचं पाणी ओतू नका, ते वर साय धरतं आणि खाली पोकळी तशीच राहते.

दुसरी परीक्षा ठोकून बघायची. छोटी हातोडी किंवा पहारीचं बोथट टोक घ्या आणि हातभर अंतरावर टकटक करत सगळा कोबा फिरा. भरीव जागा ठणठणीत वाजते, पोकळ जागा मडक्यासारखी. पोकळ वाजेल तिथं खडूनं गोल काढा. शेवटी उभं राहून बघा, गोल कोपऱ्यात एकाददुसरा आहे की निम्मी जागा खडूनं भरलीय. माझा हिशोब असा, की चौथ्या हिश्श्यापेक्षा कमी असेल तर तेवढेच तुकडे चौकोनी कापून नवे करायचे. तिसरा हिस्सा ओलांडला, की तुकड्यांच्या मजुरीत सगळं नवं होतं. त्यामधलं असेल तर पाणी कसं वागतं त्यावर ठरवायचं.

हे ठोकून बघणं मी शिकलो आमच्याच घरी, आणि उशिरा शिकलो. आमचं घर फुलेवाडीला. फाटकाच्या आत कोबा डाव्या बाजूला खचला होता. मी दुसऱ्यांच्या घरांवर रोज उभा, आपल्या घराकडं सुट्टीच्या दिवशी बघायचं. पहिल्यांदा तडा भरून घेतला. दुसऱ्या वर्षी पुन्हा खचला, तेव्हा वरनं चेकर्ड टाइल बसवून पातळी केली. छान दिसत होतं. त्या पावसाळ्यात एका संध्याकाळी आई तुळशीला दिवा लावायला निघाली आणि वर आलेल्या टाइलच्या कडेला अडखळून पडली. मनगट मोडलं. सहा आठवडे प्लास्टर. "काय झालं न्हाई रे, पाय अडकला नुसता," असं ती म्हणत होती आणि मला तिच्याकडं बघवत नव्हतं.

दिवाळी झाल्यावर उखडायला घेतलं. आमच्या गवंड्यानं एक टाइल काढून पहार मारली आणि पहार हातातनं सुटून खाली गेली. त्यानं बाही वर करून हात घातला, कोपरापर्यंत आत. घुशीचं बीळ होतं. पण घूस तिथं आली का, हे पुढं कळलं. बीळ सरळ सांडपाण्याच्या कुंडीकडं जात होतं. कुंडीतनं निघणाऱ्या जुन्या चिनीमातीच्या पाइपचा सांधा सुटला होता, आणि किती वर्षं कुणास ठाऊक, धुण्याचं पाणी त्या सांध्यातनं मातीत जात होतं. पाण्यानं भराव धुऊन नेला, मऊ झालेल्या मातीत घुशीनं घर केलं, वरचा कोबा अधांतरी राहिला. मी दोन वेळा पैसे घातले ते त्या पोकळीच्या छपरावर.

म्हणून तुम्हाला कळकळीनं सांगतो, उखडायचं ठरो किंवा न ठरो, आधी कुंडीची झाकणं उघडा. घरात बादलीभर पाण्यात थोडी हळद कालवून मोरीत ओता आणि पुढच्या कुंडीत पिवळं पाणी सगळं येतं का बघा. पाण्याची टाकी भरून, सगळे नळ बंद करून, रात्री मीटरचा काटा फिरतोय का तेही बघा. कोब्याच्या कडेला उन्हाळ्यातही एक पट्टा ओलसर, हिरवा राहत असेल, तर पाणी खालनं येतंय. पाइप दुरुस्त केल्याशिवाय वर काही टाकू नका.

तुमच्या फाटकाजवळ पाणी साचतं ते वेगळं कारण असू शकतं. आपल्याकडं रस्त्यावर थरावर थर पडून रस्ता वर आला आणि 1998 ची अंगणं खाली राहिली. मूळ ढाळ रस्त्याकडं होता, आता रस्त्याचंच पाणी आत येतं. जोरदार पावसानंतर अर्ध्या तासानं बाहेर येऊन बघा. तळं उथळ असेल आणि तासाभरात जात असेल, तर एखादी आडवी जाळीची गटार काढून भागतं. पाणी घराच्या जोत्याकडं सरकत असेल, भिंतीला फूटभर ओल चढत असेल, तर मग कोबा कितीही चांगला असू दे, ढाळ बदलायला तो काढावाच लागेल. नवा ढाळ घरापासून लांब, 10 फुटांना किमान 2 इंच. गवंडी "इंचभर बास" म्हणेल. इंचावर हात फिरवताना चूक झाली की ढाळ संपतो.

जुन्या कोब्यावरच नवा थर किंवा ब्लॉक चढवू नका, हेही याच कारणासाठी. तीन-चार इंच वाढले, की उंबरा बुडतो, पाणी घरात बघायला लागतं, फाटक घासतं. आणि खालची हालचाल तशीच वर येते.

अजून एक गोष्ट तुम्ही प्रश्नात लिहिलेली नाही, पण मी विचारेन: घर बांधलं तेव्हा दारात काय उभं असायचं आणि आता काय असतं? त्या काळातले बरेच कोबे लुना, एम-80 अशा हलक्या दुचाक्या धरून टाकलेत, दोन-अडीच इंच जाडीचे. आता त्यावर दीड टनाची चारचाकी रोज पुढं-मागं होते, आणि उन्हाळ्यात पाण्याचा टँकर मागं घेतला जातो. तडे बरोबर चाकांच्या दोन पट्ट्यांत असतील, तर कोबा वाईट नाही, त्याला नको तेवढं वजन दिलंय. चालण्यापुरता 4 इंच पुरतो, गाडीसाठी 5 ते 6 इंच काँक्रीट लागतं. तडा गेलाय तिथं कडेनं एक ढलपी काढून जाडी मोजा, लगेच कळेल.

सुतारवाडा, दुधाळी, शाहूपुरीची कुंभार गल्ली, अशा 2019 आणि 2021 च्या महापुरात पाणी शिरलेल्या भागांतल्या वाचकांनी ठोकून बघायची परीक्षा नक्की करावी. पूर ओसरताना खालची बारीक माती सोबत जाते. वरनं काही दिसत नाही.

मागची शहाबादी मात्र काढू नका. ती सुटी सुटी असते हा तिचा मोठा गुण. हलणारी, पोकळ वाजणारी फरशी उचला, खाली मुरूम किंवा क्रश सँड ठोकून पातळी करा, पुन्हा बसवा, दर्जा म्हणजे फरश्यांमधले सांधे भरा. पापुद्रे सुटून पत्र्यासारखे थर निघायला लागलेली तेवढी बदला. शेवाळ काढायला ॲसिड वापरत असाल तर आजच थांबवा. शहाबादी हा चुनखडीचा दगड आहे, ॲसिड त्याला खातं. फसफस होताना दिसते तो मळ निघत नसतो, दगड जात असतो. ताठ ब्रश, थोडी ब्लीचिंग पावडर आणि भरपूर पाणी पुरतं.

आता गवंड्याचे पेव्हर ब्लॉक. काळ्या मातीवर मला ते पटतात, कारण जमीन थोडी हलली तरी ब्लॉक उचलून पुन्हा बसवता येतात, आणि उद्या पाइप फुटली तर ब्रेकर लावावा लागत नाही. पण ब्लॉक म्हणजे जादू नव्हे. गाडीसाठी किमान 60 मिमी जाडीचे घ्या. कडेला काँक्रीटची पट्टी हवीच, नाहीतर वर्षभरात कडेचे ब्लॉक पसरतात. खाली इंच-दीड इंच वाळूचा बेड. सांध्यात बारीक वाळूच भरायची, सिमेंट नको. सिमेंट भरलं की पुन्हा तोच कोबा झाला, फक्त महाग.

कोबा करा वा ब्लॉक, खरा खर्च खाली करा. काळी माती किमान दीड फूट काढा. मुरूम सहा-सहा इंचांच्या थरात, पाणी मारून, धुमसून किंवा कॉम्पॅक्टर लावून भरा. जुन्या कोब्याचे तुकडे फेकायला पैसे देऊ नका, फोडून सोलिंगमध्ये, म्हणजे खालच्या दगडांच्या थरात घाला. काँक्रीट असेल तर दर 8 ते 10 फुटांवर सांधा कापायला सांगा, जाडीच्या चौथ्या हिश्श्याएवढा खोल, आणि घराच्या भिंतीला चिकटून न टाकता मध्ये थर्माकोलची पट्टी ठेवा. तडा जायचाच असेल तर तो त्या सांध्यात जाईल. हल्ली दुकानात बहुतेक पीपीसी, म्हणजे राख मिसळलेलं सिमेंट मिळतं, त्याला दहा दिवस पाणी हवं. ढाळ असल्यामुळं आळी (मातीचे छोटे बांध) करून पाणी थांबत नाही, गोणपाट अंथरून ते ओलं ठेवा. गाडी महिनाभर बाहेर.

वेळ म्हणाल तर दिवाळीनंतर ते फेब्रुवारी. आणि तुमच्या बाबतीत माझा सल्ला असा: या पावसाळ्यात काहीच उखडू नका. आजच तड्यांना रेघा मारा, कोबा ठोकून खडूचे गोल काढा, त्याचा फोटो काढून ठेवा, आणि कुंडी तपासा. दिवाळीत रेघा सरकल्या असतील तर फाटक ते पोर्च काढा, नसतील तर मे महिन्यात पुन्हा बघा आणि तेव्हाही हलल्या नसतील तर वडिलांचं ऐका. ठोकून झाल्यावर तो खडूच्या गोलांचा फोटो इथं टाकलात तर मी बघून सांगेन, कुठनं सुरुवात करायची ते.