आजीला दुरुस्त करू नकोस

प्रिय,

तुझं पत्र काल मिळालं. आजीच्या रेकॉर्डिंगसोबत तू चुकांची यादी जोडली आहेस. लग्नाचं साल जुळत नाही, धाकट्या दिराचं नाव दोनदा बदललं, ज्या घराबद्दल ती बोलते ते तेव्हा बांधलंच नव्हतं. आणि शेवटी विचारतेस, 'यातलं खरं म्हणून काय ठेवू?' ती यादी फाडून टाक. आजीला दुरुस्त करू नकोस.

मी सांगितलेला सिनेमा, हिरोकाझू कोरे-एडांचा 'आफ्टर लाइफ' (१९९८), तू घाईत पाहिलास. मेलेली माणसं सोमवारी एका जुनाट इमारतीत येतात, बुधवारपर्यंत एकच आठवण निवडतात, तिथले कर्मचारी तिचं चित्रीकरण करतात आणि तेवढीच घेऊन माणूस पुढे जातो. ही गोष्ट तुला पाठ आहे. ते कर्मचारी प्रश्न कसे विचारतात, तिकडे मात्र तुझं लक्ष नव्हतं. सिनेमाआधी पाचशेहून अधिक लोकांना आठवणी विचारल्या होत्या. त्यांतले काही जण पडद्यावर स्वतःचीच आठवण सांगतात. १९२३च्या भूकंपाबद्दल बोलणारी म्हातारी आठवते? बांबूच्या बनात आसरा घेतला, तिथे झोके बांधले, भाताचे गोळे खाल्ले. तोक्यो जळत होतं आणि हिच्या मनात राहिला तो झोका! समोरचं कुणी तिला मृतांचा आकडा सांगत नाही.

तू म्हणशील, तिथली कर्मचारी शिओरी त्या शाळकरी मुलीला टोकतेच की. टोकते, पण 'चूक' म्हणत नाही. डिस्नेलँड आधीच तीस जणांनी निवडलंय, एवढंच सांगते. मग मुलगी आईच्या मांडीपाशी, धुतलेल्या कपड्यांच्या वासापाशी पोचते. असं खोल जायला लावायचं असेल तर खुशाल टोक. दुरुस्त करायला नको.

आणि त्या मेलेल्यांतले वातानाबे! त्यांना काही सुचेना म्हणून आयुष्याच्या ७१ टेप्स देतात, वर्षाला एक. देताना तिथला कर्मचारी मोचिझुकी बजावतो, टेपमधलं आणि तुमच्या आठवणीतलं तंतोतंत जुळणार नाही, फक्त संदर्भापुरतं पाहा. हे वाक्य वहीत लिहून ठेव.

मी इतका चिडून का लिहितोय? माझे वडील १९६१च्या पानशेतच्या पुराबद्दल सांगायचे. नारायण पेठ, गच्ची, चांदणं, शेजारणीने हातावर ठेवलेली अर्धी भाकरी. मी तेव्हा वृत्तपत्रात उपसंपादक होतो. एकदा ऐन भाकरीपाशी म्हणालो, 'अप्पा, पूर दिवसा आला होता, १२ जुलैला. भर पावसाळ्यात कुठलं चांदणं?' ते 'असेल' म्हणाले आणि पानाचा डबा बंद केला. पुढे अकरा वर्षं जगले, पुराचं नाव काढलं नाही. ती शेजारीण कोण, मला आजही माहीत नाही. तारीख माझी बरोबर होती गं. तारखा बरोबर ठेवण्याचाच पगार मिळायचा मला, दिवसाला पन्नास बातम्या त्याच नजरेने तपासायचो, ती नजर घराच्या उंबऱ्याशी काढून ठेवायची असते हे मला कोणी शिकवलं नव्हतं. तुला मी सांगतोय.

साल हवं असेल तर लग्नपत्रिका शोध, सात-बारा काढ, आत्याला फोन कर. ते सगळं वेगळ्या वहीत. आजीसमोर ती वही न्यायची नाही.

रविवारी परत जा. न बांधलेल्या त्या घराचं दार कुठल्या बाजूला उघडायचं, ते विचार. ती थांबली तर तूही थांब, रेकॉर्डर चालू राहू दे.

तुझा,
काका