बॅग सोडायची नाही

अगं, तुझा रात्री अडीचचा मेसेज सकाळी बघितला. सहा तास नुसती अंबू बॅग दाबत बसले, सर, यासाठी डॉक्टर झाले का. आधी वाईट वाटलं, मग खरं सांगतो, राग आला.

नुसती? श्वास बंद पडलेल्या पेशंटच्या फुप्फुसात हाताने हवा भरायची ती बॅग, आणि म्हणे नुसती?

१९५२ चं कोपनहेगन आठव. पोलिओची साथ, पेशंट सगळे ब्लेगडॅम हॉस्पिटलात, आणि तिथं आयर्न लंग, म्हणजे पेशंटला आत ठेवून श्वास चालवणारी पेटी, एक, छातीवर बसवायची यंत्रं सहा, बास. पहिल्या तीन आठवड्यांत श्वास बंद पडत चाललेले ३१ आले, त्यातले २७ गेले. मग तिथल्या मुख्य डॉक्टर लासेननी इब्सेन नावाच्या भूलतज्ज्ञाला बोलावलं. रक्तात बायकार्बोनेट वाढलंय म्हणून सगळे अल्कलोसिस, म्हणजे रक्त अल्कधर्मी झालंय, असं धरून बसलेले, हा म्हणाला कार्बन डायऑक्साइड साठतोय, पेशंटला हवाच पुरत नाहीये. २७ ऑगस्टला बारा वर्षांच्या एका मुलीच्या गळ्याला छेद देऊन नळी घातली तर ती तडफडायला लागली, बघायला जमलेले डॉक्टर निघून गेले. इब्सेन नाही गेला. पेंटोथल हे भुलीचं औषध देऊन तिला शांत केलं आणि बॅग दाबत राहिला. जगली पोरगी.

मग बाकीच्यांच्या बॅगा कुणी दाबल्या? तुझ्यासारख्याच पोरांनी. सुमारे १,५०० विद्यार्थी, पाळ्या लावून, एका वेळी ७० पर्यंत पेशंट, सगळे मिळून १,६५,००० तास. मृत्यू ८७ टक्क्यांवरून पुढे २५ च्या आसपास आले. आज तू ज्या आयसीयूत पोस्टिंगसाठी धडपडतेस ना, तो या हातांतून आला.

मी इंटर्न असताना मण्यार चावलेला एक पोरगा होता, व्हेंटिलेटर रिकामा नव्हता. मण्यारीचा पेशंट श्वास चालू ठेवला तर उठून घरी चालत जातो, हे मला पाठ होतं. तरी पहाटे बॅग त्याच्या मामाच्या हातात दिली आणि चहाला गेलो, दहा मिनिटं. आलो तर नळी सरकलेली आणि मामा तसाच दाबतोय, दाबतोच आहे.

म्हणून पुढे तीस वर्षं मी रेसिडेंटांना बेडवरून हलू दिलं नाही. खडूस म्हणायचे, म्हणू देत, मी चुकलो नाही. बॅग सोडायची नाही म्हणजे नाही.

आज परत नाइट आहे ना? छाती दोन्ही बाजूंनी उचलतेय का बघत राहा, घाम आला का बघ, पेशंटशी बोल, त्याला ऐकू येतं. आणि जेवली नसशील तर फोन कर, काकू डबा भरून देते, मी येतो घेऊन आणि तू खाशील तेवढा वेळ बॅग माझ्याकडे दे.